ये म्हणायचे दोन शब्द

महिन्याच्या पहिल्या शनिवारी चियांग माईच्या त्या भाषाशाळेत एक फुकटचा वर्ग भरायचा. थाई शिकावी की डोंगरातल्या लोकांची ह्मोंग, असं ज्यांचं तळ्यात-मळ्यात चाललेलं असतं त्यांच्यासाठी. फुकट म्हटल्यावर माणसं येतातच, त्यातून वर चहा आणि तळलेली केळी. बोलायचं काम पाकूचं. शाळेत ह्मोंग येणारी ती एकटी, आणि थाई तिची अशी की फोनवर ऐकणाऱ्याला वाटावं, बाई बँकॉकच्या कुठल्या तरी बड्या घरातली आहे. समोर आली की चेहरा बघून लोक जरा थबकायचे आणि मग मुद्दाम जास्तच गोड बोलायचे. त्या गोडपणाची तिला एक्केचाळीस वर्षांत सवय झाली होती. सवय झाली म्हणजे आवडत होता असं नव्हे.

भाषण नऊ वर्षं तेच, इंग्रजीतून. "थाईला पाच सूर, ह्मोंगला आठ. थाईची लिपी यायला सहा महिने लागतात. चव्वेचाळीस व्यंजनं आहेत, आणि दोन शब्दांच्या मध्ये जागा सोडायची पद्धतच नाही. ह्मोंग तुमच्याच इंग्रजी अक्षरांत लिहितात, दोन दिवसांत येईल. फक्त शब्दाचं शेवटचं अक्षर वाचायचं नाही, ते सुराची खूण असतं. वाचलंत तर अख्खं गाव हसेल."

मग ती फळ्यावर एकच 'पॉ' आठांपैकी सात सुरांत लिहायची आणि म्हणून दाखवायची. चेंडू, बाई, फेकणं, प्लीहा, काटा, आजी, दिसणं. "बघा, बाई आणि फेकणं यांत एका सुराचा फरक आहे. आमच्यात तेवढाही धरत नाहीत." यावर लोक हसायचे. पाकू त्यांना हसू द्यायची.

"थाईत वाक्याच्या शेपटाला 'खा' लावा, पुरुष असाल तर 'खरप'. एखाद्याला हाकलून द्यायचं असलं तरी 'खा' लावून हाकला, त्याला वाईट वाटत नाही. 'मी' म्हणायला थाईत दहा शब्द आहेत, समोर कोण बसलंय ते बघून निवडायचे. ह्मोंगमध्ये एकच. पाटील असो की पोटचं पोर, 'मी' तो 'मी'. पण आमच्याकडे 'आम्ही दोघं' याला वेगळा शब्द आहे. मला बारा वर्षांत त्याची गरज पडली नाही, पण आहे."

बारा वर्षांपूर्वी तिच्या नवऱ्यानं सवत आणली होती. पोटी मूल नाही हे कारण दाखवायला होतंच. पाकूनं चार महिने एका चुलीवर काढले आणि एक दिवस भाजीच्या गाडीत बसून शहरात उतरली. दिल्या घरीच मेली असती तर लोकांनी चांगली म्हटलं असतं. ती जिवंत निघाली, हाच तिचा गुन्हा.

त्या शनिवारी अकरा माणसं होती. शेवटच्या रांगेतल्या एका पोरीनं हात वर केला. टिल्डा तिचं नाव, स्वीडनची, सव्वीस वर्षांची. डोंगरातल्या बायकांसाठी काम करणाऱ्या एका संस्थेत नुकतीच लागलेली. ती म्हणाली, "आमच्या कचेरीत सगळं थाईत चालतं. पण ज्यांच्यासाठी काम करायचं त्या बायका ह्मोंग बोलतात. मी काय शिकू?"

शाळेच्या मालकीणबाई, पिकुल बाई, दारात उभ्या होत्या. त्यांनी पाकूकडे असं पाहिलं की जपून बोल बाई. थाईचा वर्ग भरला तर शाळा चालते, ह्मोंगचा भरला तर नुसतं पुण्य लागतं.

पाकूनं जपून बोलायचं म्हणूनच तोंड उघडलं होतं. "सगळ्यांनी तुमच्याशी गोड बोलावं असं वाटत असेल तर थाई शिका. ते पाठीमागे काय बोलतात हे कळावं असं वाटत असेल तर ह्मोंग."

दहा जणांनी थाईच्या वर्गात नाव घातलं. टिल्डानं ह्मोंगमध्ये. पिकुल बाई नंतर म्हणाल्या, "नऊ वर्षांत तुझ्या जिभेला कोणी औषध नाही दिलं का गं?" आणि केळ्यांची उरलेली बशी तिच्याकडे सरकवली. वाईट नव्हत्या त्या.

औषध खरं तर तिला दुसऱ्याच ठिकाणी हवं होतं. त्याच आठवड्यात मोठ्या इस्पितळात तिला सांगितलं होतं की हृदयाची एक झडप निकामी झाली आहे, छाती उघडावी लागेल. डॉक्टर तरुण होता, बोलणं लोण्यासारखं. शंभरातल्या पंच्याण्णव बायका चालत घरी जातात, खरप. पाकूनं विचारलं, उरलेल्या पाच? तो हसला, आणि म्हणाला त्यांचा विचार करू नका, खरप.

पण पाकू त्या पाचांचाच विचार करत होती. मरणाची भीती तिला फारशी वाटत नव्हती. मेल्यावर ठेवणार कुठं, ही भीती होती. ह्मोंग माणूस घरातून जातो. घराच्या भिंतीवर पूर्वजांचा सोनेरी कागद असतो, त्याच्यासमोर प्रेत ठेवायचं, ढोल वाजवायचा, वाट सांगणारा गातो आणि जिवाला एकेक गाव मागं टाकत जन्मगावापर्यंत पोचवतो. लेक लग्न करून जाते तेव्हा सासरच्या दारात तिच्या डोक्यावरून कोंबडा ओवाळतात आणि त्या घराचे पूर्वज तिचे होतात. बापाच्या घरचे सुटले. आणि नवऱ्याला सोडलं की हेही सुटले. मग अशी बाई मेली तर तिला कोणत्या घरात घ्यायचं? कोणत्याच नाही. गावाबाहेर ताडपत्रीचा आडोसा करतात, आणि वाट सांगणाऱ्यालाही कळत नाही की कोणाच्या दारातून सुरुवात करायची. पाकूनं लहानपणी अशी एक बाई पाहिली होती. पावसात तीन दिवस. कुत्र्यांना हाकलायला त्या बाईच्या भावाला बसवलं होतं, आणि तो कंटाळला होता.

अलीकडं काही गावांत मात्र एक नवी सोय निघाली होती. वडीलधाऱ्यांनी बसून ठरवायचं, बापानं आपल्या दारात उभं राहून लेकीवरून पुन्हा कोंबडा ओवाळायचा, आपल्या पूर्वजांना सांगायचं की ही आमची, ही घरी आली. झालं. मग ती त्या घरात आजारी पडू शकते, मरू शकते. पाकूनं बापाला दोन वर्षांत दोनदा विचारलं होतं. म्हातारा दोन्ही वेळा म्हणाला, "काउजेंगला विचारतो." काउजेंग म्हणजे तिचा धाकटा भाऊ, गावचा पाटील. आणि काउजेंग दोन्ही वेळा म्हणाला, "बघू ताई."

टिल्डाची शिकवणी सुरू झाली. आठवड्यातून तीन सकाळी. पोरगी मेहनती होती, तोंडाचा चंबू करून सूर लावायची, चुकली तर स्वतःलाच हसायची. सातव्या आठवड्यात क्रियापदं आली. जाणं, बसणं, खाणं, येणं.

"येण्याला दोन शब्द आहेत," पाकूनं सांगितलं. "तुआ आणि लॉ. जिथं तू राहत नाहीस तिथं आलीस तर तुआ. आपल्या स्वतःच्या घरी आलीस तर लॉ. तू या शाळेत येतेस ते तुआ. संध्याकाळी खोलीवर परत जातेस तेव्हा तुझी मैत्रीण म्हणेल, लॉ."

"थाईत?"

"थाईत 'क्लाप'. परतणं. प्रवासी हॉटेलात परतला तरी क्लाप, कुत्रं दारात परतलं तरी क्लाप. भाषा मोठ्या मनाची आहे, कोणालाही परतू देते."

टिल्डानं वहीत लिहून घेतलं. मग सहज विचारावं तसं विचारलं, "ख्रू, तुम्ही गावी जाता तेव्हा घरचे काय म्हणतात?" ख्रू म्हणजे बाई, शाळेतल्या बाई.

पाकू फळा पुसत होती. पुसलेलाच पुन्हा पुसला. "तुआ म्हणतात," ती म्हणाली. "लग्न झालं त्या दिवसापासून. आई होती तोवर तीही तुआच म्हणायची, पण म्हणताना रडायची." आणि मग, कोणाला कधी सांगितलं नव्हतं ते सगळं तिनं त्या परक्या पोरीला सांगितलं. झडप, पाच बायका, ताडपत्री, दोनदा 'बघू ताई'. आपल्या माणसाला सांगायला लाज वाटते, परक्याला सांगताना वाटत नाही. सांगून झाल्यावर मात्र तिला स्वतःचाच राग आला.

टिल्डा तरुण होती, आणि तरुण माणसाला दुसऱ्याचं दुःख कळलं की हातपाय हलवल्याशिवाय राहवत नाही. तिनं कचेरीत सांगितलं. संस्थेनं पाटलाला पत्र धाडलं: आपल्या गावात लेकींना घरी आणण्याचा सोहळा झाला तर आम्हाला आनंद होईल, तालुक्याचे साहेबही येतील म्हणतात. जे काम दोन वर्षांत बहिणीच्या शब्दानं झालं नव्हतं ते एका शिक्क्यानं आठ दिवसांत झालं. काउजेंगचा स्वतः फोन आला. "ताई, नव्या भाताच्या सणाआधी करून टाकू. तुझं ऑपरेशन कधी?"

"सणानंतर नऊ दिवसांनी."

"मग बरोबर जमतं. आणि ते आपल्याकडचं जाकीट घालून ये, भरतकामाचं. फोटोत बरं दिसतं."

तिनं फोन ठेवला आणि ती पलंगावर बसून रडली. आनंदानं रडली, खोटं कशाला सांगा. जाकीट पेटीच्या तळाशी होतं, त्याला कसर लागली होती. चार रात्री बसून तिनं बाहीवरचे टाके पुन्हा घातले. पिकुल बाईंनी रंगाचे दोरे आणून दिले आणि म्हणाल्या, "नकटीच्या लग्नाला सतराशे विघ्नं असतात म्हणे, तुझं आपलं सुरळीत होवो."

सोहळ्याच्या दिवशी सकाळी टिल्डाच्या कचेरीच्या गाडीनं दोघी वर गेल्या. गाव ओळखू येत नव्हतं. काउजेंगनं अंगणात मंडप घातला होता, प्लास्टिकच्या खुर्च्या पांढऱ्या कापडानं झाकल्या होत्या आणि मंडपाला थाईत फलक लावला होता: लेकींनो, घरी परत आपलं स्वागत आहे. अशा तीन लेकी होत्या. बाकीच्या दोघी वयानं पाकूहून मोठ्या, शेजारच्या वाडीतल्या, डोकं खाली घालून बसलेल्या. घराचं दार मंडपाच्या मागं होतं. दाराला पडदा लावून त्यावर तालुक्याच्या साहेबांचं नाव टाचलं होतं.

पाकूला तिथंच कळायला हवं होतं. पण माणूस आशेवर असला की समोरचं दिसत नाही. तिला वाटलं, भाषणं होतील, मग पडदा काढतील, मग दारात नेतील.

भाषणं झाली. साहेब बोलले, संस्थेच्या बाई बोलल्या. मग काउजेंग उठला. शर्ट इस्त्रीचा, थाई अगदी रेडिओवरची. शाळेत ज्या पोराला 'म्याव, म्याव' या ह्मोंगांच्या शिवीवजा नावानं चिडवायचे, उच्चार चुकला की गुरुजी मान पकडून उभा करायचे, तोच हा. त्या मारानं त्याची थाई मात्र पक्की झाली. तो म्हणाला, आमचा समाज बदलतो आहे, खरप. लेक ही लेकच असते, खरप. आज आमच्या या बहिणी घरी परत येत आहेत, खरप. साहेबांनी टाळ्या वाजवल्या, मग सगळ्यांनी वाजवल्या.

मग कोंबडा आणला. बापानं ओवाळायचा, तर पाकूचा बाप, म्हातारा न्हियासू, दुसऱ्या रांगेत बसला होता, खांद्यावर कोणीतरी टाकलेलं नवं उपरणं. कोंबडा काउजेंगनंच घेतला. तिघींना अंगणात एका ओळीत उभं केलं, कॅमेऱ्याकडं तोंड करून, आणि तिघींच्या डोक्यावरून एकदाच फिरवला. तीन घरच्या लेकी, एक कोंबडा, आणि दाराकडं सगळ्यांची पाठ. फिरवताना तो थाईतच म्हणाला, "यिन दी तॉन रॉप क्लाप बान." परत घरी आपलं स्वागत आहे. फोटोवाला म्हणाला पुन्हा एकदा, कोंबड्यानं मान फिरवली. मग पुन्हा एकदा.

पाकू वाट बघत होती. दोन्ही भाषा येणारं त्या मंडपात दुसरंही कोणी असेल, पण दोन्ही भाषा शिकवून खाणारी ती एकटी. काय बोललं गेलं आणि काय बोललं गेलं नाही, हे तिच्याइतकं कोणाला कळणार? पूर्वजांचं नाव निघालं नाही. घराण्याचं नाव निघालं नाही. तिचं नाव निघालं ते कागदोपत्रीचं थाई नाव, रच्चनी. आणि साऱ्या सोहळ्यात ह्मोंगचा एक शब्द कोणी उच्चारला नाही. बोलाचीच कढी अन् बोलाचाच भात, तोही परक्या बोलीतला.

लोक जेवायला उठले. उकडलेली कोंबडी, डुक्कर, मोहरीचा पाला, मिरचीचा ठेचा, वाफाळता भात. बायका पाहुण्यांच्या मनगटांना आशीर्वादाचे पांढरे दोरे बांधत होत्या. त्या गर्दीत म्हातारा न्हियासू काठी टेकत लेकीपाशी आला. तिच्याकडं वर पाहिलं, जाकिटाच्या बाहीवरून हात फिरवला आणि हळूच म्हणाला, "कॉ तुआ लॉ?"

पाकूनं मान हलवली. म्हातारा तिच्या मनगटाला दोरा बांधून पुढं गेला.

टिल्डा धावत आली. डोळ्यांत पाणी, हातात भाताची ताटली तशीच. "ख्रू, इतका वेळ सगळे थाईत बोलत होते, मला एक अक्षर कळलं नाही. पण शेवटी तुमचे वडील बोलले ते कळलं. लॉ म्हणाले ना? मी स्वतः ऐकलं. लॉ म्हणाले."

पाकूनं तिच्याकडं पाहिलं. इतके आठवडे तोंडाचा चंबू करून शिकलेली पोरगी. आणि सूर अगदी बरोबर ऐकला होता तिनं, त्यात चूक काढायला जागा नव्हती.

"कॉ म्हणजे तू," पाकू म्हणाली. आवाज तिचा वर्गातला झाला. "तुआ म्हणजे आलीस. परक्या घरी आलीस. आणि शेवटचं ते लॉ म्हणजे नुसतं 'का'. आलीस का, यातलं 'का'. शब्द तोच, सूरही तोच, काम वेगळं. पाहुणा दारात आला की त्याला विचारतात. ते शिकवायचं राहिलं बघ माझ्याकडून."

टिल्डाचा चेहरा उतरला. ती काही बोलायला गेली, तर पाकू म्हणाली, "जेवून घे. थंड भात चांगला लागत नाही."

आणि ती स्वतः घराच्या मागच्या बाजूला गेली. म्हातारा वळचणीखाली पाटावर बसून मक्याची कणसं सोलत होता. गावात सोहळा असो नाहीतर मयत, ह्या माणसाचे हात रिकामे कधी राहिले नव्हते. ती त्याच्याजवळ जमिनीवर बसली आणि एक कणीस उचललं.

"आबा, तुम्ही का नाही बोललात?"

"काउजेंग बोलला की. चांगलं बोलला म्हणे. साहेब खूश होते."

"तुम्हाला कळलं काय बोलला ते?"

"घरी ये म्हणाला असेल."

"थाईत म्हणाला. आपल्या पूर्वजांना थाई येते का?"

म्हातारा जरासा हसला. दात दोनच होते. "त्यांना नाही येत. मलाही नाही येत."

"मग तुम्ही म्हणा. आत्ता. आत चला, सोनेरी कागदासमोर उभे राहा आणि म्हणा, पाकू लॉ. कोंबडा नको, कोणी बघायला नको. दोन शब्द आहेत. तुम्ही आणि मी, दोघंच."

'दोघंच' तिनं त्या वेगळ्या शब्दानं म्हटलं. म्हाताऱ्याचे हात थांबले. मंडपातून माईकवर कोणाचं तरी हसणं ऐकू येत होतं.

"सून पोटुशी आहे," तो म्हणाला. "काउजेंग म्हणतो, अंगणात काय करायचं ते करू, उंबऱ्याच्या आत नको. दुसऱ्या घराण्याच्या पूर्वजांची सावली लागलेली बाई आत मेली तर पोटातल्या पोरावर जाईल म्हणतो. माझा नातू आहे गं तो."

"म्हणजे हे ठरवून केलंत."

म्हाताऱ्यानं हातातलं कणीस नुसतं फिरवलं.

"तुम्हाला आधीपासून माहीत होतं. मी तिकडं टाके घालत बसले होते चार रात्री, आणि तुम्हाला माहीत होतं."

"भाकरी त्याच्या हातची खातो मी, पाकू. उद्या हे घर त्याचं. मी काय, आज आहे उद्या नाही."

मग तिला राग आला. बारा वर्षांचा होता तो, आणि त्याच्याखाली आणखी जुना. पण आवाज चढवला नाही तिनं. "आबा, जन्मताना पडलेली माझी वार कुठं पुरलीय?"

म्हातारा टोपलीतले दाणे बोटांनी पसरत राहिला.

"तुमच्या पलंगाखाली. आईनं दाखवली होती मला जागा. काउजेंगची मधल्या खांबाखाली, माझी पलंगाखाली. मेल्यावर जिवानं येऊन आपला तो पहिला अंगरखा घ्यायचा, तेव्हाच त्याला पलीकडं जाता येतं. तुम्हीच सांगायचात ना? तर मी मेले की मला इथं यावंच लागणार आहे, तुम्हाला आवडो न आवडो. मग दारात मला काय म्हणणार? तुआ म्हणणार? माझ्याच वारेपाशी मी पाहुणी?"

म्हाताऱ्याच्या डोळ्यांतून पाणी आलं, ते त्यानं पुसलं नाही. कणसाचे दाणे मात्र पुन्हा सोलायला लागला. सोलता सोलताच म्हणाला, "माझ्याच्यानं होत नाही गं. होत नाही."

खरं बोलला, एवढं तरी केलं. पाकूनं हातातलं कणीस सोलून पुरं केलं, दाणे टोपलीत टाकले आणि उठली. निघताना काउजेंग गाडीपर्यंत आला. हातात पिशवी, पिशवीत उकडलेली अर्धी कोंबडी. "ताई, झालं ना तुझ्या मनासारखं?" तिनं पिशवी घेतली आणि त्याला थाईत उत्तर दिलं. "फार आभारी आहे, खा." काउजेंगला ते लागलं. त्याचं तोंड बारीक झालं, आणि तेवढंच त्या दिवसातलं तिचं सुख.

ऑपरेशनच्या चार दिवस आधी पाकू त्याच मोठ्या इस्पितळाच्या दुसऱ्या इमारतीत गेली. बरोबर पिकुल बाई आणि टिल्डा, कारण अर्जाला दोन साक्षीदार लागतात. मेल्यावर देह शिकणाऱ्या डॉक्टरांना देऊन टाकायचा, त्याचा तो अर्ज. ह्मोंग माणसाला याहून भयंकर काही सांगता येणार नाही. कापलेल्या देहाचा जीव तुकड्यातुकड्यांनी हिंडतो म्हणतात. गावात कळलं असतं तर बायकांनी कानांवर हात ठेवले असते. पिकुल बाई वाटेत तीनदा म्हणाल्या होत्या, अगं शंभरातल्या पंच्याण्णव घरी जातात. पाकू तीनदा म्हणाली होती, घरी म्हणजे कुठं, ते नाही सांगत ते.

खिडकीतली मुलगी फार गोड होती. गुलाबी सदरा, हात जोडून बोलणं. "ख्रू आहात होय तुम्ही, खा? मग तर फारच छान, खा. आमच्याकडे देह देणाऱ्यांना आचान याय म्हणतात, म्हणजे थोर गुरू. मुलं रोज सकाळी फुलं वाहतात, नमस्कार करतात, मगच शिकायला सुरुवात करतात. शेवटी मंत्रोच्चारात दहन असतं, खा."

टिल्डानं हळूच विचारलं, "ह्मोंगमध्ये देह देण्याला काय म्हणतात?"

"काही म्हणत नाहीत," पाकू म्हणाली. "असं कोणी करतच नाही."

तिनं चारही पानं भरली, सुवाच्य थाई अक्षरात. टिल्डानं सही केली. पिकुल बाईंनी नाक पुसत केली. मुलीनं शिक्का मारला, पाकिटाएवढं एक कार्ड दिलं आणि मग जरा ओशाळून, खाली बघत म्हणाली, "एक विचारायचं असतं, खा. सगळ्यांनाच विचारतो. पुष्कळदा असं होतं की वेळ आली की घरचे लोक हट्ट धरून बसतात. आमचं माणूस आहे, आम्ही घरी नेणार, तुम्हाला देणार नाही म्हणतात. मग आम्हाला काही करता येत नाही. तुमच्या घरचे तसं करणार नाहीत ना, खा?"

पाकूनं कार्ड पर्समध्ये ठेवलं.

"नाही, खा," ती म्हणाली. "आमच्या घरचे तसं करणार नाहीत."